अप्पांच्या कमरेची पिशवी

"खिचडी करपली तर करपू दे, पर तू उठू नगंस," असं म्हणून बजाबाईनं पळी पातेल्यावर आपटली आणि तांदळाच्या पोत्यांमागं पाहिलं. शाळेच्या स्वयंपाकखोलीत, त्या पोत्यांच्या आडोशाला वैजयंती गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. दहावीची पोरगी, पण आवळून आवळून लहान मुलाएवढी झालेली. माघाची थंडी होती, उजनीच्या पाण्यावरून येणारा वारा केळीची पानं फाडत होता, आणि हिच्या कपाळावर घाम.

"मावशी, किती वाजलं?"

"धा. अजून येळ हाय."

अकराला विज्ञानाचं प्रॅक्टिकल होतं. पूर्वपरीक्षेचा एक पेपर वैजयंतीचा असाच पाळीच्या दुखण्यात बुडाला, तेव्हाच तिचा बाप जोतीराम बोलला होता, "आता पुन्यांदा चुकलं की शाळा बंद. पाव्हणं बघतो." पोटदुखीवर नवरा हे औषध गावात फार जुनं आहे. ते घेऊन कुणाचं पोट थांबल्याचं अजून ऐकिवात नाही, पण देणाऱ्यांचा विश्वास काही उडत नाही.

उपकेंद्रातल्या नर्स महेजबीन यांनी मात्र वेगळं सांगितलं होतं. खाऊन मग गोळी घ्यायची, ओटीपोट शेकायचं, आणि दर महिन्याला असंच उठता येईना झालं तर डॉक्टरला दाखवायचं. गोळी त्यांनीच दिली होती. ती दोन घास खिचडीवर पोटात गेली होती. राहिलं शेकायचं. बजाबाई तव्यावर कापड तापवून देत होती, पण ह्या थंडीत ते दोन मिनिटांत गार.

आणि शाळेत गरम पाण्याच्या पिशव्या होत्या! दिवाळीनंतर पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं खास मुलींसाठी तीन रबरी पिशव्या दिल्या होत्या. फोटो काढले होते. फोटोत शाळा समितीचे अध्यक्ष सिद्रामप्पा होते, हेडमास्तर होते, क्लार्क विरेश होता. मुलगी तेवढी एकही नव्हती.

बजाबाई पदराला हात पुसत ऑफिसात गेली. तिघंही तिथंच होते. बाहेरगावच्या परीक्षकांना जेवायला पुरणपोळी द्यावी की शिकरण, यावर मीटिंग चालली होती.

"सर, ती पान्याची पिशवी द्या की. वैजयंती लई कळवळतीया."

"बाई, ती स्टॉकला लावलेली वस्तू आहे," हेडमास्तर म्हणाले. "कपाटात सील करून ठेवलीय. उद्या तपासणी आली तर काय दाखवू? आणि पोटात काय, कुणाच्याही दुखतं. जरा सहन करायला शिकवा."

बजाबाईनं कपाटाकडं पाहिलं, मग टेबलाखाली. हेडमास्तरांच्या उजव्या गुडघ्यावर मफलरनं बांधलेलं निळं काहीतरी दिसत होतं. सिद्रामप्पा खुर्चीत जरा ताठच बसले होते. त्यांच्या सदऱ्याखालून पिशवीचं बूच बाहेर डोकावत होतं. तीन महिने दर महिन्याला पोरी पोत्यांमागं लोळत होत्या, आणि पोरींची ऊब इथं मीटिंगला बसली होती. बजाबाईला इतका संताप आला की तिला शिवीसुद्धा सुचेना. शिवीऐवजी दुसरंच सुचलं.

"ऱ्हाऊ द्या मग," ती गरीब आवाजात म्हणाली. "न्हाय तरी त्या धुवायच्याच हायत."

"म्हणजे?"

"फोटू काढल्याच्या दिवशीच एक पोरगी बाजूला बसली हुती. मीच तिन्ही पिशव्या आलटून-पालटून तिला लावल्या. डागबी पडला हुता. तशाच कपाटात ठिवल्या बघा. धुवायचं ध्यानातच ऱ्हायलं."

मग हेडमास्तरांची खुर्ची मागं पडली आणि निळी पिशवी मफलरसकट टेबलाखालून बाहेर आली. सिद्रामप्पा उभे राहून कमरेच्या गाठीशी झटू लागले. गाठ त्यांच्या हातानं सुटेना, आणि दुसरं कुणी हात लावेना.

"आरं सोड की, विरेश!"

"मी कसा सोडू, अप्पा?"

"शिवा शिवा! तीन म्हैनं हीच बांधून देवपूजेला बसतोय मी!"

विरेश हळूच बजाबाईजवळ सरकला. "मावशी, माझी घरी कोंबडीच्या पिल्लांखाली हाय. पिल्लांनाबी विटाळ लागतोय का?"

"पिल्लांचं त्यांस्नीच विचार," बजाबाई म्हणाली आणि अप्पांची गाठ तिनं एका हिसक्यात सोडली. दोन्ही पिशव्या उचलून ती निघाली.

स्वयंपाकखोलीत तिनं पिशवीत गरम पाणी भरलं, फडक्यात गुंडाळली आणि वैजयंतीच्या पोटाशी दिली. खोटं बोलल्याचं तिला काही वाटलं नाही. पण विटाळ, विटाळ म्हणून ती स्वतः पंचवीस वर्षं गोठ्यात निजली होती, आणि आज त्याच विटाळाचा आधार आपण घेतला, याचं तिला वाईट वाटलं. सरळ मागून मिळत असतं तर तिनं घेतला नसता.

अर्ध्या तासानं पोरगी उठून बसली. दुखणं पार गेलं नव्हतं, पण सोसण्याजोगं झालं होतं. अकराला पाच कमी असताना ती भिंतीला न धरता प्रयोगशाळेकडं चालत गेली. सिद्रामप्पा तेव्हा हापश्यावर थंडगार पाण्यानं अंघोळ करत होते. दीडला ती बाहेर आली. "सगळं झालं, मावशी. तोंडीबी," म्हणाली आणि तिथंच पायरीवर बसून रडली.

दुपारी हेडमास्तरांनी कपाटाची किल्ली शिपायाकरवी पाठवून दिली. पिशव्यांना इथून पुढं बजाबाईशिवाय कुणी हात लावायचा नाही, अशी तोंडी ऑर्डरही निघाली. शाळेच्या मालाचं इतकं चोख रक्षण त्या इमारतीत आजवर झालं नव्हतं.

दिवस कलताना बजाबाई पातेली घासत होती, तर डोक्यावरचा पदर पुढं ओढून सिद्रामप्पांची बायको दारात उभी. बजाबाईनं मनाची तयारी केली. भांडायलाच आली असणार.

"बजाबाई, ती पिशवी आजची रात देता का? आमची पोरगी महानंदा सकाळधरनं गडाबडा लोळतीया."

"आवं, तीन म्हैनं तुमच्याच घरात हुती की ती!"

"हुती. पर आमाला हात लावू देत न्हवते."

बजाबाईनं हात धुतले आणि पिशवी तिच्या पदरात घातली. "जपून न्या. अप्पांच्या नजरंला पडू देऊ नगा."

"आसं कसं?" ती बाई म्हणाली. "दारातच टांगती. दिसल्याबिगर लांब ऱ्हात्यात व्हय?"