अबू दीबची जीभ

"पहिला पेला तुम्हीच प्या, हाजी," रिकामी घागर कमरेवर सावरत उम्म सालेह म्हणाली. "आमच्या घरात लेकरंबाळं आहेत."

हाजी नोमाननी नव्या कारंज्याच्या तोटीखाली पेला भरला, एका दमात संपवला आणि मिशा पुसल्या. तरी एकही बाई पुढे सरकली नाही.

"त्यांचं काय घेऊन बसलात," मागून कुणीतरी बोललं. "जन्म साबणाच्या वाफेत गेला त्यांचा. खारसुद्धा गोडच लागायचा."

सगळे हसले. हाजीही हसले.

तीन वर्षांपूर्वी साबणाचा कारखाना जावयाच्या हवाली करून ते नाब्लुसच्या नव्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, ते एकाच वचनावर. झऱ्याचं पाणी वरच्या मोहल्ल्यात आणीन म्हणाले होते. आज ते आलं. पण नळ गेला होता त्यांच्याच कारखान्याच्या भिंतीखालून, आणि कढयांतला साबणाचा खार त्यात झिरपतो, अशी आवई त्यांच्या खुर्चीवर डोळा असलेल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याने आठवडाभर बाजारात उठवली होती. खुर्ची गेली असती तर हाजींना फारसं दुःख झालं नसतं. पण उम्म सालेह त्या दुखऱ्या गुडघ्यांनी उद्या पुन्हा झऱ्यापर्यंतचा उतार उतरणार, हे त्यांना सोसवत नव्हतं.

"अबू दीबला बोलवा," तीच म्हणाली. "तो सांगेल ते खरं."

हाजींचा चेहरा उतरला. अबू दीब म्हणजे त्यांच्या कारखान्याचा चाळीस वर्षांपासूनचा मुख्य कारागीर. हाजींना कढई ढवळायला शिकवलं तेही त्यानेच. उकळत्या साबणाचा थेंब काडीवर निववून तो जिभेला लावायचा, डोळे मिटायचा, पचकन थुंकायचा आणि मगच साबण झाला की नाही त्याचा निकाल द्यायचा. हाजी खुर्चीवर बसले त्या दिवशी तो म्हणाला होता, "हाताला काम होतं ते सोडलंस, आता नुसतं तोंड चालव." तेव्हापासून त्याने त्यांचा सलामसुद्धा घेतला नव्हता.

तो आला, कुरकुरतच. "कढई चढवून आलोय. चटकन आटपा."

त्याने पेल्यातला घोट जिभेवर घेतला आणि डोळे मिटले. थुंकी अंगावर नको म्हणून पुढच्या बायका दोन पावलं मागे झाल्या. हाजी आपल्या जोड्यांकडे बघत राहिले.

म्हाताऱ्याच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.

"गिळलं," उम्म सालेह हळूच म्हणाली. चाखलेलं काही अबू दीबने गिळल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"अजून दे," तो पेला पुढे करत म्हणाला.

"सरक, आधी माझी घागर," म्हणत तिने त्याला कोपराने बाजूला केलं. बायकांनी आनंदाने जिभा वाजवत किलकारी सुरू केली आणि पंधरा-वीस घागरी एकदम तोटीवर आल्या. हाजी स्वतःच एकेक घागर तोटीखाली धरू लागले. त्यांच्या अध्यक्षपदाच्या रेशमी झग्याची बाही कोपरापर्यंत भिजून लोंबायला लागली.

अबू दीबने ते पाहिलं. तो जवळ आला आणि शिकवायच्या दिवसांत कढईपाशी उभं करण्याआधी त्यांची बाही दुमडून द्यायचा तशीच, दोन घड्या घालून त्याने ती वर सारली.

"हं," तो म्हणाला. "आता भर."