शरीफाबीच्या पडवीतला दर्या

"थांब गं जने, आगबोट अजून धक्क्याला लागली नाय," शरीफाबी म्हणाली आणि तिनं जनीचा हात कवड्यांवरून बाजूला सारला. "शिडी लागू दे. हमाल चढू दे. मग हवालदारानं पुढं व्हायचं."

जनी निमूट मागं सरली. कडाव गावातल्या एका मोठ्या खटल्याची ती तिसरी सून. घरी तिच्या डोक्यावरचा पदर ढळत नसे आणि तोंडातून शब्द फुटत नसे; बोललीच तर गोठ्यातल्या बैलांशी. पण मंगळवारी दुपारी, भांडी घासून झाल्यापासून म्हशी परत येईपर्यंत, ती मोंबासा बंदराची हवालदार असे. तिच्या प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय आगबोटीच्या कप्तानालाही खाली उतरता येत नसे.

शहर पडवीच्या काळ्या फरशीवर आखलेलं होतं, कापडावर खुणा करायच्या खडूनं. मधोमध जुना किल्ला. किल्ल्यामागं दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला टेकावं इतकी अरुंद गल्ली. गल्लीत नक्षीदार दारांची घरं, पलीकडच्या तीरावर नेणारी होडी, आणि सगळ्याच्या कडेनं दर्या. जनीचं पितळी बटण म्हणजे हवालदार. धोंडूबाईचं काळं बटण म्हणजे कहावावाला, तिकडची काळी कॉफी विकणारा. पाच कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितकी पावलं पुढं जायचं, आणि जिथं पोचाल तिथं समोर कोण येतं, कसला वास येतो, वारा कुठून वाहतो ते शरीफाबी सांगायची. नियम एकच होता. शहरात कोणी काही विचारलं तर आपण शहरात जे असू त्याच्या तोंडून उत्तर द्यायचं, घरचं तोंड घरी ठेवायचं.

शरीफाबीनं हे शहर ऐकून रचलेलं नव्हतं. लग्न झालं त्या वर्षी, एकोणीसशे बावन्न साली, ती नवऱ्याबरोबर, झाकीरबरोबर, आगबोटीनं मोंबाशाला गेली होती. चौदा महिने तिथं राहिली. दिवस गेल्यावर झाकीरनं तिला बोटीत बसवून दिलं. घरी बाळंत हो, सहा महिन्यांत तिकीट धाडतो, असं म्हणाला. मूल दोन दिवस जगलं. तिकीट आलं नाही. वर्षभरानं कुणाकडून तरी कळलं की झाकीरनं तिकडे दुसरं घर केलंय. सासरा भला माणूस होता. लग्नाच्या वेळी सुनेच्या मेहरमध्ये, म्हणजे तिच्या हक्काच्या देण्यात, ही पडवी आणि लगतची खोली त्यानंच काझीसमोर लिहून दिली होती; आता त्यानं तिला शिवणाचं मशीन आणून दिलं आणि लेकाचं नाव घरात काढायचं सोडलं. सासू-सासरे दोघंही पुढं वारले. शरीफाबी मशीन चालवत राहिली.

पोलकी शिवायला आलेल्या बायका विचारत, तिकडं काय होतं गं. ती सांगायची. सांगून सांगून गोष्ट झिजली. मग एक दिवस दूध घालणारी धोंडूबाई म्हणाली, "मी तिकडं असते तर काय केलं असतं?" शरीफाबी म्हणाली, "काय विकलं असतंस?" "दूधच की." "तिथं तुझ्या म्हशी कुटं? कहावा विक." आणि पितळेच्या दोन वाट्या एकीवर एक कशा वाजवायच्या, ते तिनं धोंडूबाईला दाखवलं. त्या दिवसापासून अकरा वर्षं धोंडूबाई कहावा विकत होती. एकदा तर तिनं मोंबाशात उधारी बंद केली आणि दोन मंगळवार शहरात मोठा गोंधळ उडाला.

भांडण होतं ते एकाच गोष्टीवरून. दर्यावरून. शरीफाबी दर्या उगवतीला काढायची, भीमाशंकरच्या डोंगराच्या अंगाला. धोंडूबाईला ते काही केल्या पटत नसे. कोकणातल्या माणसाला दर्या मावळतीला असतो हे शिकवावं लागत नाही. तो तिथंच असतो, त्यात सूर्य बुडतो.

"डोंगराकडं दर्या अस्तो का गं कुटं?" ती दर खेपेला म्हणायची.

"तिथं सूर्य दर्यातनं वर येतो," शरीफाबी म्हणायची.

"येत असंल. आमाला मेलं कोण दावणार."

एवढं बोलून ती आपल्या वाट्या वाजवायला लागायची. अकरा वर्षांत एकदाही तिनं दर्याची रेघ स्वतःच्या हातानं काढली नव्हती.

झाकीर परत आला त्याला आठ दिवस झाले होते. तिकडं आता धंद्याचा परवाना मिळत नाही, म्हणून दुसऱ्या बायकोला घेऊन, चार ट्रंका घेऊन आला आणि मधल्या घरात उतरला. शरीफाबीला त्या चौदा महिन्यांचा राग नव्हता. ते महिने तिला आवडले होते, नवराही आवडला होता. राग होता तो नंतरच्या सोळा वर्षांचा. तो तिनं आठ दिवस गिळला, दोघांना भाकरी वाढली, आणि मंगळवार आल्यावर नेहमीसारखी फरशी पुसून खडू हातात घेतला.

तर आगबोट लागत होती आणि मधलं दार उघडलं. झाकीर बाहेर आला. अंगात इस्त्रीचा सदरा, पायात तिकडच्या चपला. जनीनं पदर ओढला.

"हे बंद कर," तो शरीफाबीला म्हणाला. "इथं मला दुकान टाकायचंय. सुतार उद्या येतोय."

"आज मंगळवार हाय," शरीफाबी म्हणाली.

"मंगळवार का शुक्रवार! बाजारात लोक हसतात मला. झाकीरची बायको गावच्या बायकांना मोंबासा दाखवते म्हणे. चौदा महिने होतीस तू. मी सतरा वर्षं काढली. तुला काय ठाऊक हाय त्या शहरातलं?"

आता या बोलण्यावर पूर्वीची शरीफा आत निघून गेली असती. शरीफाबीनं डब्यातून एक पांढरं बटण काढलं आणि धक्क्यावर ठेवलं.

"खोटं वाटतं तर उतरा की शहरात. हे तुमचं. नवा उतारू."

तो हसला. बायकांसमोर हिचं पितळ उघडं पाडायची ही संधी त्याला बरी वाटली असावी. उंबऱ्यावर बसून त्यानं कवड्या टाकल्या. मधल्या दाराशी त्याची दुसरी बायको आयशा येऊन उभी राहिली. तिचा जन्मच तिकडचा. आठ दिवसांत ती कुणाशी चार शब्द बोलली नव्हती.

"नाव?" जनीनं विचारलं. पदर अजून डोळ्यांपर्यंत होता, पण त्यामागून येणारा आवाज हवालदाराचा होता.

"झाकीर."

"कुणाकडं उतरणार?"

"माझं घर हाय तिथं."

"घरात कोन हाय तुज्या?"

झाकीरनं पुन्हा कवड्या टाकल्या. बटण किल्ल्याला वळसा घालून गल्लीत शिरलं. धोंडूबाईनं वाट्या वाजवायला सुरुवात केली, आधी हळू, मग तालात. दाराशी उभ्या असलेल्या आयशानं चौकटीला हात टेकला. तिचे डोळे भरून आले, आणि ते तिनं लपवलं नाही.

"सुक्या मासळीचा वास येतोय, लवंगेचा पण," शरीफाबी सांगत होती. "अरबी गलबतं वाऱ्याबरोबर आलीत, म्हणून गल्लीत गर्दी हाय. तिसरं दार तुमचं. त्यावर पितळी खिळे, वरच्या फळीला तडा."

तडा खरंच होता. झाकीर पुढं वाकून त्या दाराकडं बघायला लागला.

शरीफाबीनं सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढलं आणि त्या दाराच्या आत ठेवलं. अकरा वर्षांत हे अंगुस्तान शहरात कधी उतरलं नव्हतं. जनीनं धोंडूबाईकडे पाहिलं.

"दार वाजवा," शरीफाबी म्हणाली.

झाकीरनं फरशीवर बोट वाजवलं.

"कोण?"

"मी झाकीर."

"इथला झाकीर मला बोटीत बसवून गेला. सहा महिन्यांत तिकीट धाडतो म्हणाला. तुमी कुठले?"

नियमाप्रमाणे उत्तर द्यायला हवं होतं. धोंडूबाईच्या वाट्या थांबल्या होत्या.  झाकीरनं कवड्या बाजूला लोटल्या. तो उठला.

"सगळं खोटं हाय! दर्या तरी धड काढलाय का? डोंगराकडं दर्या!" त्यानं चपलेनं दर्याची रेघ पुसली, खडू उचलला आणि मावळतीच्या अंगाला फर्रकन रेघ ओढली. "इथं असतो दर्या. सतरा वर्षं राहिलोय मी."

शरीफाबीनं धोंडूबाईकडे पाहिलं नाही. अकरा वर्षं धोंडूबाई हेच सांगत आली होती, आणि आता तिच्या बाजूनं साक्ष द्यायला मोंबाशात सतरा वर्षं काढलेला माणूस उभा होता. आपलं शहर आता गेलं असं शरीफाबीला वाटलं. मूल गेलं तेव्हा वाटलं होतं, अगदी तसंच. 

"पहाटे फजरची नमाज झाली की मी माडीवर जायची," ती म्हणाली. "रोज. दर्यातनं सूर्य वर यायचा. आधी पाणी लाल व्हायचं, मग किल्ल्याची भिंत. तुमाला कसा दिसणार? तुमी झोपलेले असायचा. त्या शहरातली सकाळ तुमी कधी बघितलीच नाय."

"सुतार उद्या येणार," झाकीर म्हणाला.

"येऊ दे. मागल्या ओसरीत फळ्या ठोकू दे. ही पडवी माझ्या मेहरची हाय, तुमच्या अब्बांनी लिहून दिलेली. मी मशीनपण इथंच चालवणार आणि आगबोटपण इथंच लावणार."

"आणि लोक हसतात ते?"

"सोळा वर्षं मला हसले. आता तुमची पाळी."

झाकीरनं खडू टाकला. तो दोन तुकडे होऊन मशीनखाली घरंगळला. आयशाला बाजूला सारून तो आत गेला आणि मागच्या दारानं कुठं तरी निघून गेला.

 जनीनं आपलं पितळी बटण मुठीत घट्ट धरलं होतं. मग धोंडूबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. साठी ओलांडलेली बाई, उठताना तिला नेहमी वेळ लागायचा. मशीनखालून खडूचा मोठा तुकडा तिनं काढला. मावळतीच्या रेघेपाशी बसली, पदराचं टोक जिभेनं ओलं केलं आणि ती रेघ पुसायला लागली. चांगली घासून पुसली, फरशी काळी दिसेपर्यंत.

"धोंडूबाय, ऱ्हाऊ दे गं," शरीफाबी म्हणाली.

"गप. सूर्य बगितला नाय मेल्यानं आन् दर्या दावतोय आमाला."

ती सरकत सरकत उगवतीला गेली. बसल्या बसल्या काढलेली रेघ सरळ येईना. ती वाकडीतिकडीच किल्ल्यापासून पार जोत्याच्या कडेपर्यंत गेली, आणि आणखी पुढं जायला फरशी उरली नाही म्हणून थांबली. मग तिनं मान वर करून आयशाकडे पाहिलं.

"ये गं पोरी. उभी किती ऱ्हाशील?"

आयशानं शरीफाबीकडे पाहिलं. शरीफाबी अंगुस्तान पुन्हा बोटात घालत होती. तिनं बटणांचा डबा किंचित पुढं सरकवला.

आयशा उंबऱ्याबाहेर आली. तिनं चपला दारातच काढून ठेवल्या, साडी घोट्यावर उचलली, आणि दर्याला पाय लागू नये म्हणून मोठं पाऊल टाकून ती किल्ल्याच्या बाजूला येऊन बसली.