अनीशची माणसं

अनीशला फोटोग्राफीचा नाद होता. विमा कंपनीच्या नगरच्या ऑफिसात आठवडाभर मान खाली घालून बसायचं आणि रविवार उजाडला की कॅमेरा गळ्यात अडकवून घरातून पसार व्हायचं, हा त्याचा शिरस्ता. बायको प्रणिता म्हणायची, घरात एक मुलगी आहे, कधीतरी तिचाही फोटो काढा. अनीश हसून वेळ मारून न्यायचा. मनवाचे फोटो मोबाईलवरही निघतात, त्याला कॅमेरा कशाला वाया घालवायचा?

या रविवारांना हक्काचं ठिकाण मिळालं ते वैजनाथमुळे. वैजनाथ शेजारच्या टेबलावरचा, दुपारचा डबा दोघांचा एकत्र. त्याची आई लंकाबाई तिसगावच्या अलीकडे वस्तीवर राहायची. थोरला मुलगा कारभारी आणि सून दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परतायचे. मागे म्हातारी दोन नातवंडं, एक शेळी आणि दहा-पाच कोंबड्या सांभाळायची.

अनीश वैजनाथबरोबर पहिल्यांदा गेला तेव्हा तिने हुलग्याचे शेंगोळे केले होते. पिठाच्या वळ्या करून, त्यांना वेढा देऊन ती लसणाच्या उकळत्या पाण्यात सोडत होती आणि तोंडाने अखंड बोलत होती. अनीश पोट फुटेस्तोवर जेवला. पुढे तो एकटाही जाऊ लागला. केव्हाही जा, म्हातारी त्याच्यासाठी जेवायची थांबलेली. अनीशचं लहानपण मोठ्या भावाचं कौतुक बघण्यात गेलेलं. घरी त्याच्यासाठी कुणी कधी ताट झाकून ठेवलं नव्हतं. लंकाबाई मात्र शेजारपाजारी सांगायची, मला आता दोन न्हाई, तीन पोरं हायेत. चाळिशी ओलांडलेल्या बाप्याच्या डोळ्यांत हे ऐकून पाणी यावं, यात हसण्यासारखं बरंच आहे, पण यायचं खरं. या घरात तो मुलगा होता. हे सुख त्याला दुसरीकडे कुठे मिळत नव्हतं.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात त्याने तो फोटो काढला. पत्र्याच्या फटीतून आलेलं ऊन, चुलीचा धूर, लंकाबाईचे पिठाने माखलेले हात. फोटो उत्तमच होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. अनीशने तो इंटरनेटवर टाकला, खाली लिहिलं की अशी चव कुठल्या हॉटेलात मिळायची नाही, आणि हौसेने वस्तीचा नकाशाही जोडला. प्रणिता म्हणाली, नकाशा कशाला? त्यावर याने तिला फोटोग्राफीतलं काय कळतं अशा नजरेने पाहिलं. फोटो गावभर झाला. ऑफिसात साहेबांनी पाठ थोपटली, नगरच्या हौशी फोटोग्राफर मंडळींनी सत्कार केला. अनीशचे पाय जमिनीवर राहिले नाहीत, आणि त्याचे रविवार असल्या कार्यक्रमांतच जाऊ लागले.

त्याच सुमाराला वैजनाथने डबा वेगळा खायला सुरुवात केली. विचारलं तर पोट बरं नाही म्हणायचा. अनीशने आपल्या मनाशी निदान करून टाकलं, की गडी जळतोय.

मधे एकदा आडवारची सुट्टी मिळाली तेव्हा त्याच्याबरोबर प्रणिता आणि मनवाही वस्तीवर आल्या. परतताना प्रणिता म्हणाली की मावशी फार थकल्यात, आणि अंगणात कोंबड्या दिसल्या नाहीत. कोंबड्या काय, असतील कुठे चरत, असं म्हणून अनीशने गाडीतली गाणी मोठी केली.

पाडवा झाला, कारभारी बिऱ्हाडासकट परतला आणि दुसऱ्याच दिवशी वैजनाथ ऑफिसात अनीशच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. त्याने सांगितलं, वस्तीवर कणगीतली बाजरी संपली होती. कोंबड्या गेल्या होत्या, शेळीही विकली होती. हिवाळाभर दर रविवारी वस्तीवर गाड्या येत होत्या. कुणी नगरचे, कुणी पुण्याचे. यायचे आणि म्हणायचे, अनीश सरांचा फोटो बघून आलोय. म्हातारी त्यांना सतरंजी टाकून द्यायची आणि चुलीपुढे बसायची. मंडळी हात धुऊन, मावशींबरोबर फोटो काढून, समाधानाने निघून जायची.

अनीशचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "मी कुणालाही पाठवलं नाही रे."

"पाठवलं न्हाईस, रस्ता दावलास," वैजनाथ म्हणाला. "मी आईला म्हनलं, पैसे घेत जा. तर म्हनली, पोराच्या पाव्हन्याकडून? अनीशची मानसं हायेत, उपाशी कशी लावून देऊ? तुला सांगू बी दिलं न्हाई तिनं. म्हनली, त्याला वाईट वाटंल."

यावर खरं तर उठून तडक वस्ती गाठायची आणि म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवायचं. अनीशने काय केलं? तो म्हणाला, मग आता रीतसर जेवण सुरू करा ना, एक बोर्ड लावा, फोटो मी फुकट देतो. वैजनाथ आपल्या जागेवर जाऊन बसला.

अनीशने इंटरनेटवरून फोटो काढून टाकला. तोवर तो शंभर ठिकाणी गेला होता. वस्तीवर जायचं मात्र त्याचं धाडस होईना. या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ असं करत उन्हाळा गेला, पावसाळा गेला. वैजनाथने बदली मागून घेतली.

थंडी पडली तेव्हा प्रणितानेच विषय काढला आणि तिघं निघाली. मागच्या सीटवर बाजरीचं पोतं आणि लंकाबाईसाठी लुगडं होतं. वस्तीच्या वळणावर मोठा फ्लेक्स होता. त्यावर अनीशचाच फोटो, आडवा ताणलेला, कोपऱ्यातलं त्याचं नाव कापून टाकलेलं. आत पत्र्याची नवी शेड, प्लास्टिकच्या खुर्च्या, गर्दी. कारभारी ताटं वाढत होता. यंदा तो ऊसतोडीला गेलाच नव्हता. अनीशला हायसं वाटलं. शेवटी भलंच झालं की यांचं, असं तो प्रणिताला हळूच म्हणाला.

लंकाबाई शेडच्या तोंडाशी, सगळ्यांना दिसेल अशी चुलीपुढे बसली होती. उजव्या हाताला भाजल्याचा मोठा डाग होता. गळ्यात कॅमेरा घातलेला माणूस जवळ येताना दिसला तशी तिने पदर नीट केला, एक शेंगोळा उचलून गालाजवळ धरला आणि ती हसली. हसू सरावाचं होतं.

"मावशी, मी अनीश."

तिने शेंगोळा खाली ठेवला.

"वळखलं की," ती म्हणाली. "लई वाट बघितली तुजी. वैजनाथशी तुजं भांडान झालं तवा म्हनलं, येईल अन् सांगंल, मावशे, ती मानसं माजी न्हवती. येवढं जरी म्हनला असतास..."

आता ते म्हणून काय उपयोग होता? मागे आणखी एक गाडी येऊन थांबली होती आणि त्यातली माणसं उतरून रांगेत उभी राहत होती. लंकाबाईने चुलीतलं लाकूड आत सारलं, डोळे पुसले. धूरही बराच होता. मग तिने कारभारीला हाक मारली आणि अनीशकडे वळून विचारलं,

"किती जन हाय तुमी?"

"तिघं," अनीश म्हणाला, आणि बायको-मुलीला घेऊन रांगेत जाऊन उभा राहिला.