आतल्या पानावरचे उंदीर

आमच्या गावात पेपर सहसा कोणी विकत घेत नाही. चौकातल्या स्तामातिसच्या टपरीवर पहिली पानं चिमट्यांनी टांगलेली असतात. माणसं हात मागे बांधून मथळे वाचतात आणि घरी जाऊन बातमी सांगतात. माझी थोरली बहीण एवांथिया त्यातलीच.

ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात तिथे वीतभर अक्षरं लटकली: "उपवासाने मधुमेह बरा! शास्त्रज्ञांनी सिद्ध केले." ताई तशीही उपवास करतच होती. तिने गुपचूप इन्सुलिन बंद केलं. ईस्टरच्या आदल्या रविवारी, झावळ्यांच्या सणाला, चर्चमध्ये स्तोत्र रंगात आलेलं असताना, ती माझ्या अंगावर कोसळली.

देवाची कृपा, वाचली. पण दवाखान्यातून घरी आल्यावरही सुई टोचून घेईना. एका शुक्रवारी चीज चाखलं, म्हणून उपवास फळला नाही, असं तिचं म्हणणं. पेपर खोटा कसा असेल? खोटी तीच. हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तो अंक शोधून विकत घेतला. प्रयोग म्हणे उंदरांवर झाला होता, हे अगदी आतल्या पानावर. औषध थांबवू नका, असं खुद्द संशोधकांनी बजावलेलं, तेही शेवटच्या ओळीत.

पेपरच्या कचेरीत फोन लावला. संपादक गोड बोलत होते.

"उंदीर बातमीत आहेत की, बाई."

"आत आहेत. बाहेर का नाहीत?"

"पहिल्या पानावर उंदीर टाकले तर वाचेल कोण?"

"आमच्या चर्चमध्ये पांतेलिस गातो. ओळ चुकली तर तीच ओळ पुन्हा गातो, तेवढ्याच मोठ्याने. तुमच्यासारखा पुटपुटत नाही."

दुरुस्ती छापतो म्हणाले. छापली. आतल्या पानावर, राशिभविष्याखाली, मुंगीएवढी: प्रयोग उंदरांवर होता, औषध थांबवू नका.

मी स्तामातिसला म्हटलं, हा दुरुस्तीचा अंक उलगड आणि तेच पान बाहेर टांग. पहिलं पान झाकलं जाईल म्हणून तो कुरकुरला. झाकलं जाऊ दे, म्हटलं, आणि चिमटे मीच लावले. मग ताईला हाताला धरून आणलं.

ताई नाक टेकवून वाचत राहिली. मागे चार माणसं जमली.

"उंदीर होते?" तिने विचारलं.

"उंदीर."

"आणि हे एवढ्या बारीक अक्षरात छापलंय मेल्यांनी." ताईने माझा दंड धरला. "चल घरी. सुई दे मला."