कोब्यावरची रेघ

"काका, हा आकडा तुम्ही शंभरावर ठेवलाय?" अल्मासने टॅबच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, आणि पुंजाराम मिस्तरीनं टॅब घाईघाईनं आपल्याकडे ओढला.

काष्टीच्या त्याच्या शेडमध्ये लोखंडी गेटचं कच्चं चित्र दोन वर्षांपासून टॅबवर निघायचं. गिऱ्हाईक म्हणेल तशी वेल वळवायची, नाही आवडली की दुसरी. पन्नाशी उलटली तरी मिस्तरीचा हात कसा बसलेला आहे, असं अख्खा बाजार म्हणायचा. मिस्तरीही मिशीत हसून ऐकून घ्यायचा.

"दादा, हा शंभरावर असला ना, की हात कितीही थरथरला तरी रेघ सुबक येते," अल्मास आजोबांना कौतुकानं सांगत होती. पोरगी नगरला डिझाईन शिकत होती. आपण कोणापुढे काय बोलतोय, हे तिला बिचारीला काय ठाऊक!

तिचे आजोबा म्हणजे गनीभाई, पुंजारामचे चाचा. कोब्यावर खडूनं अख्खं गेट मापात काढायचं, त्या रेघेवर सळई वाकवून जुळवायची, हे पुंजाराम त्यांच्याच हाताखाली शिकला होता. सहा वर्षांपूर्वी त्यांचा हात थरथरू लागला. एका सकाळी वेल वाकडी निघाली, आणि नवा नवा मालक झालेल्या पुंजारामनं सगळ्या कामगारांदेखत ती चपलेनं खसाखसा पुसली. "बास झालं, चाचा. आता घरी बसा." चाचा खडू खाली ठेवून गेले, ते आज नव्या घराच्या गेटसाठी आले होते.

"चित्र झकास हाय," गनीभाई म्हणाले. "आता खाली काढ. सळई काय त्या काचंवर वाकवनार हाय?"

"खालचं आमचा कारागीर रिझवान काढतो, चाचा. तो सोनईला गेलाय. उद्या..."

"माझं गेट तू काढ, पुंज्या. लई दिवस झालं तुझा हात बगून."

नाही म्हणायला तोंड कुठं होतं? पुंजाराम गुडघ्यावर बसला. वीतभर रेघ ओढली, आणि खडू नाचू लागला. वेल कसली, नुसता गुंता झाला. वेल्डिंग थांबवून दोन कामगार बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. तो झटकन उठला आणि सवयीनं चप्पल रेघेवर नेली.

"पायानं न्हाई रं," गनीभाई हळूच म्हणाले.

ते भिंतीला धरून खाली बसले, खांद्यावरचा रुमाल काढला आणि ती वाकडी रेघ सावकाश, कडेकडेनं पुसली. त्यांचा हात थरथरत होता. पुसून झाल्यावर त्यांनी खडू पुढं केला.

"काढ परत. मला कुटं घाई हाय?"

पुंजारामला वर बघवेना. तो शेडच्या दारापर्यंत गेला, चपला बाहेर काढून ठेवल्या, आणि अनवाणी येऊन चाचांच्या शेजारी बसला.