खिळ्यांच्या डब्यातली तिसरी पिन

मी एक जुनी पितळी पिन आहे. खरं सांगायचं तर पिनेचा तुकडा. मित्रांनो, गोष्ट सावकाश सांगायची होती, पण आज सवड नाही. समोर वहिनींनी चपला काढल्या आहेत.

फर्निचरचा हा छोटा कारखाना वहिनींचा. फरशी नुकतीच धुतली आहे. अजून ओली आहे.

तर, माझा जन्म. ड्रिल मशीनच्या प्लगमध्ये आम्ही तिघी बहिणी. वीज आणायची-न्यायची ती दोघींनी. मी सर्वांत जाड, सर्वांत लांब आणि रिकामटेकडी! मशीनच्या लोखंडी अंगावर वीज उतरलीच, तर तिला जमिनीची वाट दाखवायची, एवढंच माझं काम. वर्षानुवर्षं ते पडलंच नाही.

वहिनींनी लोखंडी चौकट मांडली. पाय अनवाणीच.

मग एकदा मशीनच्या पोटातली तार झिजून अंगाला टेकली. मी वीज जमिनीत ओढून नेली आणि फाटकन फ्यूज उडाला. नवा घातला, तोही उडाला. आयुष्यातलं पहिलं काम! मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"ही तिसरीच खोडी काढतेय," वहिनींचे दीर म्हणाले आणि त्यांनी पत्रा कापायची करवत उचलली.

मशीन सुरू झाली. "भाऊजी, हाताला गुण आहे हो तुमच्या!" वहिनी म्हणाल्या. मी खिळ्यांच्या डब्यात पडले.

तेव्हापासून मशीनच्या अंगावर वीज मोकळी बसली आहे. भाऊजी जाड रबरी बूट घालतात, म्हणून निभावलं. "जरा मुंग्या येतात हाताला," ते म्हणतात. "मशीन लाडात आलीय!"

वहिनींनी प्लग खोचला. बटण दाबलं.

पिनेला तोंड नसतं, मित्रांनो.

हात मशीनकडे निघाला. आणि थबकला. भोकाच्या जागी आधी खिळ्याने खूण ठोकायची, ही वहिनींची जुनी सवय. हात डब्यात आला. एक खिळा वाकडा निघाला. एक बोथट. मग बोटांत मी.

"भाऊजी, हे काय?" वहिनींनी पलीकडे काम करणाऱ्या दिरांना विचारलं.

"ती होय? फ्यूज उडवायची. कापून टाकली."

"का उडवायची, ते पाहिलंत?"

"चालतेय ना मशीन, वहिनी?"

"मशीन चालतेय हो! आत्ता मीच चालले होते वर. आधी मेन बंद करा!"

त्यांनी मशीन उघडली. आत काळी पडलेली तार लोखंडाला चिकटून बसली होती. भाऊजींनी एकदा तारेकडे पाहिलं, एकदा वहिनींच्या ओल्या पावलांकडे. मग ते नवी तार आणायला निघाले.

आता तार नवी आहे, प्लग नवा आहे. मला बोर्डाशेजारी टांगलं आहे. मित्रांनो, फ्यूज उडाला की चिडू नका. कोण काय सांगतंय, ते आधी पाहा. माझ्या जागी आलेली धाकटी दिवसभर काहीच करत नाही. तिला तशीच राहू द्या.