मोहोरबंद मिठाची थैली

मित्रांनो, मी एक जुनी, बकऱ्याच्या कातड्याची थैली आहे. माझे तोंड फाटलेले दिसते ना? ते राणीने सुरीने फाडले.

माझा जन्म इराणी शहेनशहाच्या राजधानीतला. मला मिठाने भरले, गळा दोरीने आवळला आणि शहेनशहाने स्वतःच्या अंगठीची रानडुकराची मोहोर उठवली. अशी थैली ज्याला पाठवली, त्याच्या केसालाही धक्का लावायचा नाही, अशी ती शपथ. मी केवढ्या तोऱ्यात आर्मेनियाचे डोंगर चढले म्हणून सांगू!

शहेनशहाने तिथल्या राजाला, आर्ताकला, बोलणीसाठी बोलावले होते. त्याच्या दोस्त रोमने तर शहेनशहाशी तह करून त्याला वाऱ्यावर सोडले होते. राजाने मला डोळ्यांना लावले.

"जाऊ नका," राणी शुशान म्हणाली. "रोमवाल्यांनी आपल्याला विकलं. हा शहेनशहा फुकट सोडेल होय?"

"अगं, मोहोरबंद मीठ आहे. परत पाठवलं तर उद्या दारात त्याचे लढाईचे हत्ती उभे राहतील."

"आणि ठेवून घेतलं तर?"

"तर मी परत येईन. एवढी लाज त्यालाही असेल की!"

मला राणीपाशी ठेवून राजा माझ्या भरवशावर गेला. तिथे त्याला बेड्या ठोकून तळघरात टाकले. माझ्यातला एक खडाही खोटा नव्हता हो! खोटा होता तो मोहोर उठवणारा हात. राणीने मला फेकले नाही, हेच मला जास्त लागले.

मग हत्ती आलेच. गडाला वेढा पडला, हिवाळा सरेना, कोठारे रिकामी झाली. आणि एके सकाळी खालून दूत आला. राणीने दार उघडावे, तिला अभय आहे. सोबत नवी थैली, तीच मोहोर.

"घ्या, हिची बहीण आली," राणी माझ्याकडे बघून म्हणाली. सैनिक मात्र त्या थैलीकडे आशेने बघत होते. भुकेने त्यांचा धीर सुटला होता.

तेवढ्यात सांदुख्त स्वयंपाकीण पुढे झाली. "बाईसाहेब, शेवटचे गहू शिजलेत. पण मिठाचा खडा नाही. पोरं तोंडं वाकडी करतात."

राणी हसली आणि हसता हसता रडली. तिने सुरीने माझे तोंड फाडले.

"घाल हे. ह्याच मिठावर तुमचा राजा गेला. खा, आणि मग ज्याला दार उघडायचंय त्याने उघडा."

सगळे खाली मान घालून जेवले. दाराला कुणी हात लावला नाही. नवी थैली मोहोरेसकट तटावरून खाली गेली. जेवलेले लढायला तटावर चढले. त्यातले फार थोडे खाली उतरले. राणीही उतरली नाही.

मित्रांनो, मला जपू नका, मी रिकामी आहे. कुणाला शब्द द्याल, तो जपा. त्याच्या भरवशावर कुणीतरी घरातून निघालेले असते.